चार्ल्स केटरिंग आणि मोटारगाडीतील वीज

मोटारगाडी सुरू करण्यासाठी एके काळी चालकाला खाली उतरून तिच्या तोंडाशी उभे राहावे लागे. इंजिनाच्या पुढील भोकात वाकडे लोखंडी हँडल अडकवायचे आणि अंगातील सारे बळ एकवटून ते फिरवायचे, ही त्या काळची रीत होती. थंडीच्या दिवसांत तेल घट्ट झालेले असे. मग हे काम अधिकच जिकिरीचे होई. भारतातही जुन्या जीपगाड्या व मालमोटारी हँडल मारून सुरू होताना पाहिलेली माणसे आहेत. या हँडलची जागा पुढे ज्या विद्युत मोटरने घेतली, तिला गॅरेजमधील कारागीर आजही ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ स्टार्टर’ या इंग्रजी नावाचे ते सुटसुटीत मराठी रूप होय. हा ‘सेल्फ’ व्यवहारात आणणारे अमेरिकन अभियंते म्हणजे चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. मात्र त्यांनी केवळ एक मोटर घडवली असे म्हणणे अपुरे ठरेल. गाडीत वीज कोठून यावी, कोठे साठावी आणि कोणत्या तारेतून केव्हा वाहावी, या सर्वांची एकत्र मांडणी त्यांनी केली, आणि त्यांचे खरे कार्य या मांडणीत आहे.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील लाउडनव्हिल या गावाजवळच्या एका शेतावर झाला. घर शेतकऱ्याचे. पाच भावंडांत ते चौथे. शेतावर कामाला तोटा नव्हता आणि यंत्रे दुरुस्त करायला दुसरे कोणी येत नसे. त्यामुळे मोडलेली वस्तू उघडून पाहण्याची सवय त्यांना लहानपणीच जडली. मात्र त्यांची दृष्टी अधू होती. फार वेळ वाचन केले की डोळे दुखत आणि डोके ठणकू लागे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ खेड्यातील शाळेत शिक्षकाचे काम केले व पुढे ओहायो राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला. डोळ्यांनी तेथेही दगा दिला. शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

पुस्तकांपासून दूर राहणे भाग पडलेल्या या तरुणाने मग टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत नोकरी धरली. खड्डे खणणे, खांब उभारणे, तारा ताणणे, जोड घट्ट करणे अशी ती अंगमेहनतीची कामे होती. उघड्या हवेत प्रकृती सुधारली. शिवाय विजेशी हातांचा परिचय झाला. तार कोठे सैल राहिली की बोलणे तुटते, प्रवाह कोठे गळतो, दूरच्या लहानशा कळीने दुसऱ्या टोकाचे यंत्र कसे हलते, हे त्यांनी खांबावर चढून शिकून घेतले. त्यानंतर ते पुन्हा विद्यापीठात गेले. वर्गमित्र त्यांना पाठ वाचून दाखवीत. १९०४ साली त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होत आले होते.

पदवी मिळताच त्यांना डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत काम मिळाले. दुकानातील विक्रीची नोंद करणारे कॅश रजिस्टर हे यंत्र त्या काळी हाताने चालवावे लागे. त्याला विजेची मोटर बसवायची होती. पण पुरेसे बळ देणारी मोटर यंत्राच्या मानाने फारच मोठी होईल असे दिसत होते. केटरिंग यांनी प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. गल्ल्याचा खण उघडायला आणि आकडे फिरवायला क्षणभराचाच जोर पुरतो. मोटर अखंड चालणार नसेल, तर तिच्यावर त्या क्षणापुरता क्षमतेपेक्षा बराच अधिक भार टाकता येतो. ती तापण्याच्या आत काम संपते आणि पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत तिला निवायला अवधी मिळतो. या विचारातून लहान पण जोरकस मोटर असलेले कॅश रजिस्टर तयार झाले. याच काळात मोठ्या दुकानांसाठी त्यांनी आणखी एक सोय निर्माण केली. उधारीवर माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मंजुरी देण्यासाठी हिशेबनीस आपल्या जागेवरून कळ दाबी आणि दूरच्या विक्रेत्याजवळील पावतीवर विजेच्या साहाय्याने शिक्का उमटे. थोड्या प्रवाहाने दूरचे काम घडवण्याची ही युक्ती त्यांच्या पुढील आयुष्यात वारंवार दिसते.

कंपनीतील एक वरिष्ठ अधिकारी एडवर्ड डीड्स यांना मोटारगाड्यांचे वेड होते. त्यांच्या घरामागील कोठारात १९०८ पासून केटरिंग आणि त्यांचे काही सहकारी कामाचे तास संपल्यावर जमू लागले. दिवसा नोकरी आणि रात्री कोठार असा क्रम सुरू झाला. त्या वेळी बहुतेक गाड्यांत ठिणगी पाडण्यासाठी कोरड्या घटांची बॅटरी वापरीत. या व्यवस्थेत एका ठिणगीऐवजी ठिणग्यांचा वर्षाव होई. त्यामुळे इंधन नेमके केव्हा पेटेल याचा भरवसा नसे आणि बॅटरीही लवकर उतरे. गावापासून दूर बॅटरी संपली तर घोड्यांनी गाडी ओढून नेण्यावाचून गत्यंतर नसे. केटरिंग यांनी परिपथात एक रिले घातला आणि एका स्फोटासाठी नेमकी एकच ठिणगी पडेल अशी रचना केली. प्रवाह हवा तेवढाच क्षण वाहू लागला आणि बॅटरी पुष्कळ अधिक दिवस टिकू लागली.

ही रचना कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लीलँड यांच्या पसंतीस उतरली. त्यांनी आठ हजार संचांची मागणी नोंदवली. कोठारात काम करणाऱ्या या मंडळींकडे ना कारखाना होता, ना भांडवल. १९०९ साली केटरिंग यांनी नोकरी सोडली आणि डीड्स यांच्यासह डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली. या लांबलचक नावातील आद्याक्षरांपासून ‘डेल्को’ हे नाव तयार झाले. चार वर्षांपूर्वी विवाह झालेल्या गृहस्थाने निश्चित वेतनाची नोकरी सोडून असे धाडस करणे सोपे नव्हते. त्यांच्या पत्नी ऑलिव्ह यांनी या निर्णयात त्यांना साथ दिली.

हँडलचा प्रश्न अजून तसाच होता. तो केवळ गैरसोयीचा नव्हता, जिवावर बेतणाराही होता. इंजिनातील दट्ट्या वर पोहोचण्याआधीच इंधन पेटले तर इंजिन उलट फिरे आणि त्याबरोबर हँडलचा तडाखा बसे. मनगटे आणि दंडाची हाडे मोडण्याचे प्रकार इतके होत की डॉक्टरांना या दुखापती ओळखीच्या झाल्या होत्या. मोटारगाड्यांचे एक उत्पादक बायरन कार्टर १९०८ साली मृत्यू पावले. वाटेत बंद पडलेली एका स्त्रीची गाडी सुरू करून देताना हँडलच्या तडाख्याने त्यांचा जबडा मोडला, त्यातच त्यांचा अंत झाला आणि त्यांचे स्नेही लीलँड यांनी व्यथित होऊन केटरिंग यांना गाठले, अशी हकिगत नेहमी सांगितली जाते. तिच्या तपशिलांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. लीलँड यांना हँडलपासून सुटका हवी होती आणि हे काम त्यांनी डेल्कोकडे सोपवले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

विजेवर इंजिन फिरवण्याचे प्रयत्न यापूर्वीही झाले होते. त्यासाठी लागणारी मोटर व बॅटरी इतकी अवजड होईल की गाडीला दुसरे काही वाहताच येणार नाही, असे जाणकारांचे मत होते. मोटर दिवसभर चालणार असे धरले तर हा हिशेब चुकीचा नव्हता. पण इंजिनाला सुरुवातीला काही सेकंदांचाच जोर हवा असतो. कॅश रजिस्टरचा अनुभव येथे कामी आला. लहान मोटरला क्षणभर अतिभार द्यायचा, दातेरी चाकांनी तिचा जोर वाढवायचा आणि इंजिन पेट घेताच तिला बाजूला काढायचे, असा मार्ग केटरिंग यांनी निवडला. त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. इंजिन फिरवून झाल्यावर ही मोटर निकामी बसण्याऐवजी इंजिनानेच तिला फिरवावे, म्हणजे ती डायनमो होऊन वीज निर्माण करील आणि खर्च झालेली बॅटरी पुन्हा भरील, ही ती कल्पना होती. एकच यंत्र आधी घेणारे आणि नंतर देणारे झाले. १९११ च्या फेब्रुवारीत हा संच कॅडिलॅकच्या गाडीवर बसवून दाखवण्यात आला आणि १९१२ च्या नमुन्याच्या गाड्यांत तो नित्याचा भाग म्हणून बाजारात आला. या संचात इंजिन फिरवताना बॅटरीचे भाग एकापुढे एक जोडले जात व २४ व्होल्ट मिळत. एरवी तेच भाग शेजारी शेजारी जोडले जाऊन दिव्यांना ६ व्होल्ट पुरवीत. ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने या विद्युत यंत्रणेसाठी कॅडिलॅकला मानाचा ड्यूअर करंडक दिला.

बॅटरी, डायनमो, ठिणगी, दिवे आणि सुरू करणारी मोटर हे सारे प्रथमच एका कुटुंबासारखे नांदू लागले आणि त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. बॅटरीतील वीज मोजकी असते. मग कोणत्या तारेत ती सदैव हजर असावी आणि कोणत्या तारेत स्विच लावल्यावरच यावी? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक साधनाच्या कामावरून ठरते. उभ्या गाडीला रात्री रस्त्यावर दिवा लागतो. म्हणून दिव्याची वीज इंजिन चालू असण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. ठिणगीच्या वेटोळ्याचे नेमके उलट असते. इंजिन थांबलेले असताना त्यातून प्रवाह वाहत राहिला, तर वेटोळे तापते आणि बॅटरी उतरते. म्हणून ते स्विचच्या आडच हवे. डायनमोची गोष्ट आणखी निराळी. तो फिरत नसताना बॅटरीशी जोडलेला राहिला तर बॅटरीतील वीज त्याच्यातून उलटी वाहून जाते. तो थांबताच जोड तोडणारे आणि वेग येताच पुन्हा जोडणारे साधन कारागिरांना ‘कट-आउट’ या नावाने परिचित होते.

आजच्या गाडीत साधने पुष्कळ वाढली असली तरी विभागणी तीच आहे. बॅटरीपासून थेट येणारी कायम प्रवाहाची तार आणि चावीच्या आडून येणारी तार असे दोन मुख्य प्रवाह असतात. जर्मन मानकानुसार पहिलीला ३० आणि दुसरीला १५ हा क्रमांक असतो, आणि पुष्कळ देशांतील कारागीर हेच आकडे ओळखतात. गाडीतील रेडिओला तर दोन्ही तारा लागतात. घड्याळ आणि निवडून ठेवलेली केंद्रे स्मरणात राहण्यासाठी बहुधा पिवळी तार कायम प्रवाहाला जोडतात. रेडिओ चालू-बंद होण्यासाठी लाल तार चावीच्या प्रवाहाला जोडतात. काळी तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला लावतात, कारण बॅटरीकडे परतण्याचा मार्ग तो सांगाडाच असतो. पिवळ्या-लाल तारांची अदलाबदल झाली की चावी काढताच रेडिओ सारे विसरतो. दोन्ही तारा कायम प्रवाहाला जोडल्या, तर रेडिओ बॅटरी हळूहळू पीत राहतो. गाडीत पाच वॅटचा एक लहानसा दिवा विसरून जळत राहिला तरी १२ व्होल्टच्या बॅटरीतून दिवसाला सुमारे दहा अँपिअर-तास वीज जाते. पंचेचाळीस अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी अशाने पाचव्या दिवशी पूर्ण रिकामी होईल, आणि इंजिन फिरवण्याचे तिचे बळ तर त्याच्या कितीतरी आधी जाईल.

जास्त प्रवाह घेणारी साधने, उदाहरणार्थ जादा दिवे किंवा मोठा भोंगा, थेट चावीच्या तारेला जोडणे धोक्याचे असते, कारण चावीच्या स्विचमधील लहान पट्ट्या तेवढा प्रवाह सोसत नाहीत. तेथे पुन्हा रिले उपयोगी पडतो. चावीकडून येणारा थोडा प्रवाह रिलेतील चुंबक जागा करतो आणि तो चुंबक बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेचा जोड मिटवतो. कायम प्रवाहाच्या अशा तारेवर फ्यूज बसवायचा तो बॅटरीच्या अगदी जवळ. कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधील तार घासून सांगाड्याला टेकली, तर तिला पेट घेण्यापासून वाचवणारे काहीच उरत नाही. पावतीवर दुरून शिक्का उमटवणाऱ्या यंत्राची आणि या जोडणीची जात एकच आहे.

‘सेल्फ’ आल्यामुळे पेट्रोलच्या गाडीचे रूप बदलले. बळकट मनगटाची अट गेली. विजेवर चालणारी आणि हँडल न लागणारी गाडी त्या काळी विशेषतः स्त्रियांना सोयीची वाटे. तिचे हे वैशिष्ट्य आता उरले नाही आणि अन्य कारणांबरोबर याही कारणाने विजेच्या गाड्या मागे पडल्या. पेटवण्यासाठी खाली उतरावे लागणारे कार्बाइडच्या वायूचे दिवे दिसेनासे झाले. फोर्डच्या स्वस्त मॉडेल टी गाडीवरही १९१९ पासून हवा असल्यास ‘सेल्फ’ मिळू लागला.

केटरिंग यांना मात्र शेतावरील अंधार आठवत होता. अमेरिकेतील खेड्यांपर्यंत तेव्हा विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या. इंजिन, डायनमो आणि बॅटऱ्या यांचाच एक स्थिर संच त्यांनी शेतकऱ्यांसाठी तयार करवला. १९१६ पासून ‘डेल्को-लाइट’ या नावाने तो विकला जाऊ लागला आणि असंख्य घरांत कंदिलाच्या जागी दिवा आला. त्याच वर्षी डेल्को कंपनी विकली गेली व काही काळाने जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाची धुरा केटरिंग यांनी वाहिली. लवकर वाळणारे रंग, रेल्वेची डिझेल इंजिने अशा अनेक कामांना त्यांच्या कारकिर्दीत यश आले. तांब्याच्या पट्ट्यांनी हवेवर निवणाऱ्या इंजिनाचा त्यांचा आवडता प्रयोग मात्र फसला. १९२३ साली तशा गाड्या परत मागवाव्या लागल्या.

याच काळातील एका शोधाची छाया त्यांच्या कीर्तीवर कायमची पडली आहे. इंजिनातील ठोके थांबवण्यासाठी त्यांचे सहकारी टॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा उपाय शोधला. शिसे विषारी आहे हे तेव्हाही अज्ञात नव्हते. १९२४ साली न्यू जर्सीतील कारखान्यात या संयुगाच्या बाधेने पाच कामगार मरण पावले. अॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी सावधगिरीचा इशारा दिला होता; तरीही केटरिंग हे इंधन विकणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षपदी होते आणि त्यांनी त्याची पाठराखण केली. काही काळ थांबवलेली विक्री १९२६ साली पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या दशकांत जगभरच्या रस्त्यांवरील धुरातून शिसे माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, शरीरात जात राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. जगातील शेवटचा देश अल्जीरिया, तेथे ती २०२१ साली थांबली. बॅटरीतील थेंबभर वीजही वाया जाऊ नये म्हणून झटणाऱ्या या माणसाने गाडीच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या विषाकडे मात्र पुरेशा गांभीर्याने पाहिले नाही, ही त्यांच्या चरित्रातील बोचणारी विसंगती आहे.

मिळवलेल्या संपत्तीचा मोठा वाटा केटरिंग यांनी शिक्षण व वैद्यकीय संशोधनासाठी दिला. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्यासमवेत त्यांनी न्यूयॉर्कमधील कर्करोग संशोधन संस्थेच्या उभारणीला १९४५ साली हातभार लावला. तिचे नाव या दोघांच्या आडनावांवरूनच पडले. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह यांचे निधन झाले. केटरिंग शेवटपर्यंत डेटनच्या परिसरातच राहिले आणि तेथेच नोव्हेंबर १९५८ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांची ठिणगीची पद्धत पुढे सुधारत गेली व १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने तिची जागा घेऊ लागेपर्यंत जगभर चालू राहिली. इंजिन फिरवणारे आणि वीज निर्माण करणारे यंत्र एकच असावे, ही त्यांची १९१२ ची रचना मात्र खर्चाच्या व देखभालीच्या कारणांनी लवकरच मागे पडली होती. इंजिन व बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या आजच्या अनेक हायब्रिड गाड्यांत ती नव्या रूपात परत आली आहे.